जागचे हलू नका

३ जानेवारी

प्रिय वहिनी,

पोचले. बोटीत दोनदा पोटातलं सगळं बाहेर आलं, तिसऱ्या वेळी द्यायला काही उरलं नव्हतं. धक्क्यावर उतरले तर अंगात स्वेटर, गळ्यात मफलर, आणि समोर माणसं अर्ध्या चड्डीत. एक म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई आजारी आहेत का?"

फोन मी मुद्दाम कपाटात ठेवून आले, ते तुला एव्हाना दिसलंच असेल. इथे तसंही टेकडी चढल्याशिवाय रेंज नाही. टपाल मात्र सोमवारी आणि गुरुवारी बोटीने येतं-जातं. तेव्हा पत्रच लिहू या. तुला वाचायला आवडतं आणि माझे सहा आठवडे रिकामे आहेत.

खोली लहान आहे. चुन्याच्या भिंती, एक खिडकी, ओले कपडे टांगायला दोन खुंट्या. दार फुगलंय, खांद्याने ढकलल्याशिवाय लागत नाही. वाळू गादीत आहे, चपलेत आहे, चहातसुद्धा आहे. आणि वारा. तो सकाळी दहाला कामावर येतो आणि संध्याकाळी पाचला घरी जातो, मधे जेवणाची सुट्टी घेत नाही.

शिकवणाऱ्या बाईंना सगळे कप्तानबाई म्हणतात. वय एकसष्ट, अंगाने काडी, हात मात्र दोरखंडासारखे. कोळ्याच्या घरातल्या. पंधरा वर्षांपूर्वी कुणी पाहुणा फाटका पतंग इथेच टाकून गेला. बाईंनी तो शिवला, बोट वल्हवत खाडीत नेला, आणि कुणी शिकवणारं नसताना दोन हिवाळे पडत-बुडत एकट्या शिकल्या. नवरा म्हणायचा, "हिला वारं लागलंय." आता त्याच नवऱ्याच्या बोटीचं इंजिन त्यांच्या शाळेच्या कामाला आहे.

मला वाटलं होतं पहिल्याच दिवशी पाण्यावरून पळायचं. कसलं काय. वाळूवर उभं केलं आणि हातात दांडीला दोऱ्यांनी बांधलेला शिकाऊ पतंग दिला, आपल्या खाटेवरच्या चादरीएवढा. त्याने मला तोंडावर पाडलं. कप्तानबाई म्हणाल्या, "तू दांडी धरून ठेवतेस. धरू नकोस. नुसते हात ठेव." दिवसभर तेवढंच केलं. आज चमचा उचलताना मनगट दुखतंय, पण काय सांगू, पतंग एकदा डोक्यावर स्थिर उभा राहिला तेव्हा मला हसूच आलं.

दादा अजून बोलत नाही का? निघताना माझी बॅग त्यानेच बसमध्ये ठेवली, पण तोंडातून अवाक्षर नाही. चव्वेचाळीस वर्षांची बहीण समुद्रावर पतंग उडवायला गेली हे डेपोत कुणाला सांगायचं, हीच त्याची अडचण असणार.

तुझी,
धाकटी

८ जानेवारी

प्रिय वन्सं,

लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी तू म्हणाली होतीस, "मला वन्सं म्हणू नकोस, मी म्हातारी वाटते." तेव्हापासून मुद्दाम म्हणते आणि म्हणत राहणार.

इथे थंडीने बोटं वळत नाहीत. शेडचं दार दिवसभर लावून घेतलंय, तरी ताडपत्रीला हात लावला की लोखंडाला लावल्यासारखं वाटतं. तीन ट्रकांच्या ताडपत्र्या आणि एका मांडवाचं छत एवढं काम पडलंय. मोठं मशीन सकाळी तेल गोठल्यासारखं करतं. त्याला आधी शेकोटीजवळ बसवते, मग मी बसते.

तुझ्या दादाची गंमत सांगते. पत्र आलं ते मी मशीनवर ठेवून चहा करायला गेले. परत आले तर पाकीट पालथं. जेवताना हा म्हणतो, "दहाला वारा येतो म्हणजे जमीन तापल्यावर येत असणार." मी विचारलं, "कुठला वारा?" म्हणाला, "सहज म्हटलं." दुसऱ्या दिवशी पाकीट पुन्हा पालथं. मी आता तुझी पत्रं अशा जागी ठेवते की त्याला सहज दिसावीत आणि शोधल्यासारखीही वाटावीत.

एक मनातलं विचारू का? रागावू नकोस. तुझ्या त्या आपत्कालीन फोनच्या कचेरीत सहा आठवडे रजा देतात तरी कशी? एका दिवसाच्या रजेला तू चार वेळा हातापाया पडायचीस. शिवाय गेले चार-पाच महिने तू जेवताना भिंतीकडे बघत बसायचीस. घरातला फोन वाजला की उठून वर आपल्या खोलीत जायचीस. तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी फोन यायला नको असेल, किंवा यायला हवा असेल आणि येत नसेल. कोणी आहे का? असेल तर चांगलंच आहे. दादाची काळजी करू नकोस, त्याला मी घडी घालून ठेवीन.

तो शिकाऊ पतंग कसल्या कापडाचा आहे ते लिही. मला आपलं कापडाचंच सुचणार.

तुझी वहिनी

१३ जानेवारी

प्रिय वहिनी,

कोणी नाही. असता तर इथे येऊन नाकातोंडात पाणी कशाला घालून घेतलं असतं? कचेरीचं विचारलंस. रजा साठली होती, घेतली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता पाण्यात उतरलेय. कमरेला रुंद पट्टा, त्याला आकडा, आकड्यात दांडी, दांडीला चार दोऱ्या, आणि दोऱ्यांच्या टोकाला खोलीएवढा पतंग. आधी पायाखाली फळी न घेताच. पतंग तुला पाण्यातून ओढत नेतो, पोत्यासारखं. मी आत्तापर्यंत निम्मा समुद्र प्यायलेय. डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटमध्ये छोटा रेडिओ. कप्तानबाई किनाऱ्यावरून बोलतात ते कानात ऐकू येतं, पण आपण उलट बोलू शकत नाही. मला ही सोय फार आवडली. एकोणीस वर्षं मी कानाला फोन लावून बसले ती नुसती माणसं ऐकत. आता कुणीतरी सांगतंय आणि मला फक्त करायचंय.

माझ्याबरोबर एक दंतवैद्य शिकतोय. पन्नाशीचा, गोलमटोल, बोलघेवडा. पाण्यावर असतानाही बोलत असतो, ऐकायला कुणी नसलं तरी. काल मला म्हणाला, "तुम्ही दात आवळून झोपता. दाढांवरून कळतं." मी तोंड मिटलं ते जेवेपर्यंत उघडलं नाही.

तुझ्यासाठी खरं काम आहे. कप्तानबाईंचा स्वतःचा मोठा हिरवा पतंग प्रवाळाच्या खडकावर घासला आणि दीड वीत फाटला. कापड पातळ, कडक, चुरचुर वाजणारं, चौकटी-चौकटीच्या विणीचं. चिकटपट्ट्या संपल्यात, पुढची खेप महिनाभराने. इथे शिवणाचं साधं मशीन आहे. कप्तानबाईंनी एकदा शिवून बघितला, तर टाक्यांच्या रेषेवरच पुन्हा फाटला. म्हटलं, थांबा, माझ्या वहिनीला विचारते. त्यांनी भुवई उंचावली. लवकर लिही, माझी अब्रू तुझ्या हातात आहे.

धाकटी

१८ जानेवारी

प्रिय वन्सं,

आधी कापडाचं. त्यांनी टाके जवळजवळ घातले, म्हणून फाटला. पातळ कापडाला जितकी भोकं जास्त तितकं ते पोस्टाच्या तिकिटासारखं सुटतं. बारीक सुई घ्या. टाका लांब ठेवा, आणि सरळ नको, नागमोडी. फाटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंनी त्याच कापडाचे तुकडे लावा, जुन्या पतंगाचे असतील. तुकड्याचे कोपरे गोल कापा. कोपरा टोकदार ठेवला की ताण नेमका तिथे येतो आणि नवी फाट तिथूनच सुरू होते. विणीची दिशा जुळवा. सोबत माझ्याकडचा पॉलिस्टरचा दोरा पाठवते, सुती मुळीच वापरू नका, खाऱ्या पाण्यात आठ दिवसांत कुजेल. शिवल्यावर टाक्यांवरून मेणबत्ती घासा. कप्तानबाईंना सांग, पंधरा वर्षांपूर्वी फाटका पतंग शिवून जी बाई उभी राहिली तिला मी शिकवावं असं काही नाही, फक्त मी रोज तेच करते म्हणून माहीत आहे.

आता दुसरं.

काल दुपारी तुझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी ती चष्मेवाली मुलगी आली होती. पिशवी घेऊन आली. पिशवीत तुझा कप, शाल, टेबलाखालच्या चपला आणि एक कुंडी. कुंडीतलं रोप तिने रस्ताभर मांडीवर धरलं होतं. मला म्हणाली, "ताईंना सांगा, साहेबांनी राजीनामा अजून पुढे पाठवलेला नाही. ड्रॉवरमध्ये ठेवलाय. पंधरा फेब्रुवारीपर्यंत ठेवतील."

मी तिला चहा दिला आणि मला सगळं माहीत असल्यासारखी मान हलवत राहिले. ती गेल्यावर एकच शिवण तीनदा घातली आणि तीनदा उसवली.

पिशवी तुझ्या खोलीत ठेवलीय, कुंडी माझ्या खिडकीत. दादाला सांगितलेलं नाही. मी तुला विचारणार नाही. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग, नाही वाटलं तर नको. फक्त कोणी पुरुष आहे का असं विचारून बसले त्याची आता लाज वाटते.

तुझी वहिनी

२९ जानेवारी

प्रिय वन्सं,

बोटीचे तीन वार गेले, तुझं पत्र नाही. मागच्या पत्रात मी नको ते लिहिलं का? लिहिलं असेल तर ते फाडून टाक आणि फक्त दोऱ्याबद्दलचं ठेव.

परवा तुझा दादा बंदराच्या ऑफिसात जाऊन आला. मला म्हणाला, तिकडे काम होतं. बसड्रायव्हरचं बंदरावर काय काम असतं? समुद्र खवळलाय, बावीस तारखेपासून बोटी सुटल्याच नाहीत, एवढी बातमी घेऊन आला. मग मला राहवलं नाही. त्याला पिशवीचं सांगितलं.

तो ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसला. मग विचारलं, "ऑगस्टमधल्या त्या आगीचा फोन तिने घेतला होता का?"

मी म्हटलं, "कुठली आग?"

"गल्लीत गाड्या उभ्या होत्या म्हणून बंब उशिरा पोचला, ती. पेपरात आलं होतं. तेव्हापासून ती जेवत नव्हती."

वन्सं, मी तुला रोज ताट वाढते आणि मला हे कळलं नाही. त्याला कळलं होतं. मी म्हटलं, मग विचारायचं नाही का? तर म्हणाला, "काय विचारायचं? मला बोलता येतं का?" आणि थोड्या वेळाने, "ती एकटी समुद्रावर जाते म्हणाली तेव्हा मला वाटलं, ही तिथे काही बरंवाईट करून घ्यायला निघाली. बॅग ठेवताना एवढंच विचारायचं होतं की परतीचं तिकीट काढलंयस ना. तेही जमलं नाही."

आपण दोघी महिनाभर समजत होतो की तो रागावलाय. तो घाबरला होता.

दोन ओळी तरी लिही. काही नाही तर कोरा कागद पाठव, पण पत्ता तुझ्या हातचा असू दे.

वहिनी

३० जानेवारी

प्रिय वहिनी,

आज आठ दिवसांनी बोट येतेय असं म्हणतात, म्हणून सकाळपासून लिहायला बसलेय. तुझं अठराचं पत्र आणि दोरा वादळाच्या आदल्या दिवशी मिळाला. पत्र दहा वेळा वाचलं. उत्तर लिहायला घेतलं आणि फाडलं. आता फाडणार नाही, कारण आता सांगण्यासारखं काहीतरी झालंय.

वादळ पंचवीसला निवळलं. सत्तावीसला आकाश स्वच्छ होतं, वारा नेहमीसारखा किनाऱ्याकडे येणारा. दंतवैद्य उतावीळ झाला होता. सकाळी तो एकटाच खाडीत उतरला, कप्तानबाई किनाऱ्यावरून त्याला रेडिओवर सांगत होत्या. मी शाळेच्या शेडपाशी बसून पंपाने पतंगात हवा भरत होते, दंतवैद्य मला पंपवालीच म्हणतो. अकराच्या सुमाराला वारा एकदम थांबला. आणि मग पाठीमागून, जमिनीकडून आला. मला काही कळायच्या आत कप्तानबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

उलटा वारा माणसाला बाहेर नेतो. दंतवैद्याचा पतंग पाण्यात पडला, दोऱ्या गुंतल्या, आणि तो खडकांच्या रांगेतल्या फटीतून बघता बघता मोकळ्या समुद्रात गेला. शाळेच्या बोटीचं इंजिन वादळाने पाणी शिरल्यामुळे उघडून ठेवलेलं. मच्छीमारांच्या बोटी बेटाच्या दुसऱ्या बाजूला. कप्तानबाईंनी स्कूटर काढली, रेडिओ आणि दुर्बीण माझ्या हातात दिली, आणि म्हणाल्या, "बोट घेऊन वळसा घालून येईपर्यंत दीड-दोन तास. त्याला पतंगावर झोपव. पोहू देऊ नकोस. बोलत राहा." माझ्याच हातात दिलं कारण किनाऱ्यावर दुसरं कुणी नव्हतं. मी काय काम करते हे त्यांना मी सांगितलेलंच नव्हतं. ऑफिसात असते, एवढंच म्हटलं होतं.

वहिनी, आता ते दुसरं सांगते. ऑगस्टमध्ये एका माणसाचा फोन आला. चौथा मजला, जिन्यात धूर. नियम असा की दार बंद करा, फटीत ओलं कापड लावा, खिडकीशी थांबा. मी म्हटलं, जागचे हलू नका, माणसं येताहेत. तो म्हणाला, "ताई, जिन्याने उतरू का?" मी म्हटलं, नाही, जागचे हलू नका. असं त्याने चार वेळा विचारलं आणि मी चार वेळा तेच सांगितलं. बंब गल्लीच्या तोंडाशी अडकला. पाचव्या वेळी त्याने विचारलं नाही. चौकशीत माझी काही चूक निघाली नाही, मी सगळं बरोबर केलं होतं असं लेखी दिलं. त्यानंतर मला फोन घेता यायचा, नाव-पत्ता विचारता यायचा, पण ते वाक्य तोंडातून निघेना. शेजारच्या टेबलाकडे फोन वळवायचे. ती चष्मेवाली मुलगी तीन महिने माझे फोन गुपचूप घेत होती.

आणि आता हातात रेडिओ. यात मी बोललेलं त्याला ऐकू जाणार, त्याचं मला नाही. नेहमी मी ऐकायचे आणि दिसायचं काही नाही. इथे तो दिसत होता, नारिंगी ठिपका, आणि आवाज नाही.

मी बटण दाबलं. म्हटलं, "मी बोलतेय, पंपवाली. ऐकू येत असेल तर हात वर करा." हात वर झाला. म्हटलं, "कमरेवरचा लाल आकडा ओढा, पतंगाचा ताण सोडा." पुढची दहा मिनिटं मी एकेक गोष्ट सांगत गेले आणि तो करत गेला. दोऱ्या दांडीला गुंडाळा, पाय मोकळे ठेवा, दोरी धरूनच पतंगाकडे जा. पतंगाच्या पुढच्या कडेला हवेची जाड नळी असते, ती बुडत नाही. म्हटलं, तिच्यावर छाती टेकून पडून राहा. त्याने केलं. मला वाटलं, झालं.

अर्ध्या तासाने त्याने नळी सोडली. दुर्बिणीतून मला दिसलं, तो किनाऱ्याकडे पोहायला लागला होता. किनारा त्याला दिसत असणार आणि लांब जातोय हेही दिसत असणार. पोहून तो कधीच पोचला नसता. पतंगापासून पाच हात झाला, सात हात झाला.

पुन्हा तेच झालं. अगदी टेबलावर व्हायचं तसं. बटण दाबलेलं आणि तोंडातून शब्द नाही. मला त्या क्षणी माहीत नव्हतं की बोट निघाली आहे की नाही. मी पुन्हा एका माणसाला थांब म्हणणार होते आणि पुन्हा कुणी आलं नसतं तर?

मग मी म्हटलं. "मागे फिरा. पतंग धरा. जागचे हलू नका. माणसं येताहेत." तो पोहतच होता. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या वेळी म्हटलं, "डॉक्टर, मी तुमच्याकडे बघतेय. बोट येईपर्यंत एकदाही नजर हलवणार नाही. तुम्ही मागे फिरा." तो थांबला. पाण्यात गोल फिरला. आणि परत गेला.

त्यानंतर तासभर मी बोलत होते. सूचना पाच मिनिटांत संपल्या. मग काय बोलायचं? तुझ्याबद्दल बोलले. दादाचा पाय मोडला तेव्हा तू जिन्याखाली एक जुनं मशीन लावून ट्रकवाल्यांच्या ताडपत्र्या कशा शिवायला घेतल्यास, पहिल्या ताडपत्रीला तुझ्या बोटातून सुई आरपार गेली तरी तू संध्याकाळी ती पोचवून आलीस, ते सांगितलं. कुणी म्हटलं हे बायकांचं काम नाही, तर तू त्यालाच गठ्ठ्याचं दुसरं टोक उचलायला लावलंस, ते सांगितलं. मधेमधे हात वर करायला सांगायचे. तो करायचा, पण हळू, मग आणखी हळू. एकदा केलाच नाही. मी थांबले नाही, बोलत राहिले, आणि दोन मिनिटांनी हात वर आला.

बोट टोकाला वळसा घालून आली तेव्हा कप्तानबाई पुढे उभ्या होत्या. एक तास चाळीस मिनिटं झाली होती. मी रेडिओत म्हटलं, "डावीकडे बघा." मग मी वाळूवर बसले.

तो गारठला होता, ओठ निळे, बाकी ठीक. चादरीत गुंडाळून बसवला तर पहिलं वाक्य हे: "तुमच्या वहिनींच्या बोटाला पुढे काही त्रास नाही ना झाला?"

कप्तानबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "तू हे काम करतेस. हो ना?" मी म्हटलं, "करत होते." मग त्यांना सगळं सांगितलं, जे तुला आधी सांगायला हवं होतं. त्यांनी माझी समजूत काढली नाही. एवढंच म्हणाल्या, "गेल्या पंधरा वर्षांत माझ्या हातून एक गेला. मी चार महिने पाण्याला पाय लावला नाही. त्याची आई आली आणि मला विचारून गेली, त्या दिवशी वारा कसा होता. मी सांगितलं. त्यानंतर पुन्हा उतरले."

मी अजून काही ठरवलेलं नाही. पण आता जेवतेय.

धाकटी

ता. क. हिरवा पतंग तू सांगितलंस तसा शिवला. काल कप्तानबाई तो घेऊन दोन तास भर वाऱ्यात होत्या. परत आल्यावर टाक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "या बाईंना इथे आण."

५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पत्र आलं तेव्हा तुझा दादा समोरच होता. पालथं ठेवायचं नाटक आज नव्हतं. मी वाचत गेले आणि तो ऐकत गेला. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने हातानेच थांबवलं.

माझ्याबद्दल तू तासभर बोललीस हे वाचून मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही. आपल्या घरात एकमेकांचं कौतुक करायची पद्धत नाही. ते तू समुद्राच्या मधोमध एका परक्या दंतवैद्याला सांगितलंस, ते बरंच केलंस. तोंडावर बोलली असतीस तर मी शेडमध्ये पळाले असते.

मी आता माझं बोलते. त्या माणसाला तू चार वेळा सांगितलंस आणि पाचव्या वेळी कुणी विचारलं नाही, हे मनात घेऊन तू पाच महिने माझ्या हातचं ताट समोर घेऊन बसलीस, आणि मी म्हणत होते भाजी अळणी आहे का. आणि तेच वाक्य तू पुन्हा बोललीस. मला नसतं जमलं. बोटातून सुई जाणं सोपं असतं गं, ती काढता येते.

कामावर परत जा असं मी सांगणार नाही, जाऊ नको असंही नाही. आम्ही दोघं इथेच आहोत.

खाली तुझा दादा लिहितोय. वीस मिनिटं झाली, पेन चावतोय.

वहिनी

बारके,

पत्र ऐकलं. तुला बोलता येतं, मला येत नाही. बाबांचं ते तुझ्याकडे आलं. त्या आगीचं मला ठाऊक होतं. मी विचारायला हवं होतं. चुकलं.

पुन्हा पाण्यात उतरलीस का? उतर. बस एकदा घसरली की दुसऱ्या दिवशी त्याच वळणावरून न्यायची असते, नाहीतर मग ते वळण कायमचं भारी पडतं. तुला सांगायला नको.

डेपोत सगळ्यांना सांगितलं. पतंगाचंसुद्धा.

दादा

९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी आणि दादा,

दादाच्या हाताने लिहिलेल्या आठ-नऊ ओळी मला आयुष्यात पहिल्यांदाच आल्या. त्या मी कप्तानबाईंना वाचून दाखवल्या. त्या म्हणाल्या, बसचं त्यांना माहीत नाही, पण माणूस बरोबर सांगतोय.

उतरले. सत्तावीसनंतर चार दिवस मी पाण्यापर्यंत जाऊन परत फिरायचे. पाचव्या दिवशी दंतवैद्य मला हाताला धरून घेऊन गेला, तोच. दात वाजत होते त्याचे, तरी बडबड चालू. म्हणाला, "तुम्ही माझ्याकडे बघत होतात, आता मी तुमच्याकडे बघतो. मी गोष्टी मात्र सांगणार नाही, माझ्या वहिनी फार कंटाळवाण्या आहेत."

आणि काल, वहिनी, मी उभी राहिले. फळी पायाखाली, पतंग डोक्यावर, आणि खाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. आपल्या घरापासून डेपोपर्यंत जेवढं आहे तेवढं असेल. पाण्याचा आवाज बंद होतो, फळीखाली नुसती सरसर. दोन्ही हात दांडीवर नुसते ठेवलेले. कानात कप्तानबाईंचा एक शब्द नाही. मला वाटलं रेडिओ बिघडला. वळताना पडले, सपशेल, ते सोड. बाहेर येऊन विचारलं, रेडिओ बंद पडला होता का? त्या दोऱ्या गुंडाळत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "सांगण्यासारखं काही नव्हतं." याहून मोठं प्रशस्तिपत्र त्यांनी आजवर कुणाला दिलं नाही, असं दंतवैद्य म्हणतो.

त्या बाईंकडे मी पाच आठवडे बघतेय. सकाळी सगळ्यांच्या आधी वाळूवर येऊन उभ्या राहतात आणि काहीच करत नाहीत, नुसता चेहरा वाऱ्याकडे. एक माणूस गमावल्यानंतरही इतकी वर्षं रोज. मला आधी वाटायचं त्यांना भीती वाटत नाही. परवा विचारलं. म्हणाल्या, "रोज वाटते. म्हणून तर लवकर येते."

आज टेकडीवर चढून साहेबांना फोन केला. कप्तानबाईंचा फोन घेतला. पलीकडे घंटा वाजली, आणि मी फोन ठेवला नाही. म्हटलं, पंधराला सकाळच्या पाळीला येते. तो कागद ड्रॉवरमध्ये राहू दे, फाडू नका. त्यांनी विचारलं, "म्हणजे परत येणार की नाही, ताई?" मी म्हटलं, पहिला फोन घेईन. दुसऱ्याचं तेव्हा बघू. आणि हेही सांगितलं की मला जमलं नाही तर मी लपवणार नाही, त्याच दिवशी उठून सांगेन. ते म्हणाले, "तेवढं पुरे."

चष्मेवालीला काय द्यावं ते मला सुचत नाहीये. तीन महिने तिने माझं ओझं वाहिलं आणि वर कुंडी मांडीवर घेऊन आली. तिला एक दिवस जेवायला बोलावू, आणि वहिनी, तिच्या समोर तू मला वन्सं म्हटलंस तरी चालेल.

बोट तेराला निघते. हे पत्र माझ्या आधी पोचेल की पत्र आणि मी एकाच बोटीने येऊ, ते वाऱ्यावर आहे. दादा, परतीचं तिकीट मी जातानाच काढलं होतं. पाकिटात आहे. बोट दुपारी दोनला लागते असं लिहिलंय, पण वेळेवर यायचा तिचा स्वभाव नाही, तेव्हा थोडं थांबशील ना?

तुमची,
धाकटी